सूक्ष्मजीवशास्त्राच्या अध्यापनातील मूलभूत रसायनशास्त्र : एक चिकित्सा

प्रस्तावना

लुई पाश्चर हे शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ. १८४८ मध्ये त्यांनी टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे, परस्परांच्या आरशातील प्रतिमा वाटावेत असे दोन प्रकारचे स्फटिक हाताने वेचून वेगळे केले. १८५० च्या दशकाअखेर त्यांना असे आढळले की, या दोन्ही रूपांच्या मिश्रणात वाढणारी बुरशी उजवे रूप तेवढे वापरते आणि डावे तसेच मागे ठेवते. रेणूची रचना आणि सूक्ष्मजीवाची निवड यांचा संबंध त्या निरीक्षणात प्रथमच स्पष्ट झाला. १८५७ चा लॅक्टिक किण्वनावरील त्यांचा निबंधही एका रसायनशास्त्रज्ञाचाच होता. आपल्या विषयाचा उगम असा रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाला असताना पदवीच्या वर्गात मात्र 'बेसिक केमिस्ट्री' हा घटक पहिल्या सत्रात उरकून टाकण्याचा उपचार होऊन बसला आहे. हा घटक कोठे आणि कसा शिकविला जातो, आणि त्यामुळे विद्यार्थ्याच्या हाती नेमके काय लागत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पाठ्यपुस्तकांतील मांडणी

टोर्टोरा, फंके व केस यांच्या 'मायक्रोबायॉलॉजी : ॲन इंट्रोडक्शन' या सुपरिचित ग्रंथाचे दुसरे प्रकरण रसायनशास्त्राच्या तत्त्वांना वाहिलेले आहे. अणू, बंध, अभिक्रिया, पाणी, आम्ल व आम्लारी, आणि मग कर्बोदके, मेद, प्रथिने, न्यूक्लिक आम्ले असा त्याचा क्रम. प्रेस्कॉट, हार्ली व क्लाइन यांच्या ग्रंथाने जैविक रेणूंच्या रसायनशास्त्राची उजळणी परिशिष्टात टाकली. पहिल्या मांडणीत विद्यार्थ्याला अद्याप एकही प्रश्न पडलेला नसताना उत्तरे मिळतात. दुसरीत प्रश्न पडल्यावर उत्तर कोठे आहे हे कोणी सांगत नाही, कारण परिशिष्ट वर्गात शिकविले जात नाही. दोन्ही ग्रंथांचा अधिकार मान्य करूनही असे म्हणावे लागते की, त्यांतील रसायनशास्त्र जेथे लागते तेथे भेटत नाही.

आपल्या प्रश्नपत्रिकांनी हा दोष अधिक पक्का केला. 'सामूची व्याख्या लिहा', 'रासायनिक बंधांचे प्रकार सांगा', 'बफरवर टीप लिहा' हे प्रश्न रसायनशास्त्राच्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेत जसेच्या तसे शोभतील. त्यांत सूक्ष्मजीव कोठेच नाही.

सामू आणि बफर

सामू ही संकल्पना १९०९ मध्ये सोरेनसेन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. ती मांडली गेली ती विकरांच्या अभ्यासासाठी, म्हणजे आपल्याच कामासाठी. आपला विद्यार्थी व्याख्या बिनचूक लिहितो. परंतु न्यूट्रिएंट अगारचा सामू ७.४ आणि सॅबुरो अगारचा ५.६, तर दोहोंत हायड्रोजन आयनांच्या संहतीचा फरक किती, असे विचारले की '१.८' हे उत्तर येते. तो फरक सुमारे ६३ पट आहे. घातांक मोजपट्टीसारखे वाचण्याची ही सवय मोडल्याशिवाय जीवाणू एका माध्यमावर का वाढतो आणि दुसऱ्यावर का खुंटतो, हे त्याला समजणार नाही. तो केवळ पाठ करील.

याहून खोलवर जाणारे एक साधे गणित मी वर्गात फळ्यावर करून घेतो. जीवाणूच्या पेशीचे आकारमान एक घन मायक्रोमीटर धरावे, म्हणजे लिटरचा १० चा उणे १५ वा घात. आतील सामू ७ मानला, तर अव्होगाद्रो संख्येने गुणून त्या पेशीत एका क्षणी मोकळे हायड्रोजन आयन किती निघतात? सुमारे साठ. हे उत्तर आले की वर्ग स्तब्ध होतो. मग कोणीतरी विचारतेच, की साठच आयन असतील तर पीटर मिचेल यांच्या १९६१ च्या सिद्धान्तात पटलातून वाहणारे हजारो प्रोटॉन येतात कोठून? येथे बफर ही संकल्पना प्रथमच अर्थपूर्ण होते. मोकळे आयन मोजके असले तरी प्रथिनांच्या, फॉस्फेटांच्या व पाण्याच्या रेणूंशी बांधलेला साठा फार मोठा असतो, आणि देवघेव अखंड चालू असते. सामू हा त्या साठ्याचा नव्हे, तर वरवर दिसणाऱ्या शिलकीचा आकडा आहे. बफरचे समीकरण आधी शिकवून हा प्रश्न कधीच निर्माण होत नाही, असा माझा अनुभव आहे.

बफरसंबंधीची दुसरी अडचण अगदीच व्यावहारिक आहे, आणि तिचा कबुलीजबाब देणे मला भाग आहे. एम.फिल.च्या काळात मी स्वतः कित्येक आठवडे चुकीचा फॉस्फेट बफर वापरला. कृतीत डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट प्रतिलिटर १.४४ ग्रॅम असे होते. ते निर्जल क्षारासाठी होते; कपाटातील बाटलीत मात्र स्फटिकजलाचे बारा रेणू असलेला क्षार होता. पहिल्याचे रेणुवस्तुमान १४२, दुसऱ्याचे ३५८. सामू अपेक्षेपेक्षा सुमारे ०.४ ने कमी आला. मी सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकून मापकावर ७.४ आणला आणि निर्धास्त झालो. आकडा बरोबर होता, परंतु द्रावणातील एकूण फॉस्फेट जवळजवळ निम्मे होते, आणि आम्ल तयार करणाऱ्या जीवाणूंपुढे तो बफर टिकत नव्हता. स्फटिकजल मी अकरावीत शिकलो होतो, त्यावर गुणही मिळविले होते. बाटलीवरचे लेबल मात्र कोणी वाचावयास शिकविले नव्हते. आज माझे विद्यार्थी नेमकी हीच चूक करतात, तेव्हा त्यांना रागावण्याचा अधिकार मला फारसा उरत नाही.

आम्लाचे अविघटित रूप

क्षीण आम्ल पाण्यात अंशतःच विघटित होते, हे वाक्य प्रत्येक वहीत असते. त्याचा सूक्ष्मजीवशास्त्रीय अर्थ असा की, विघटित न झालेला, विद्युतभाररहित रेणू पेशीपटलातून सहज आत शिरतो. भारित आयन बाहेर अडतो. लोणच्यातील व सरबतातील बेंझोएट आंबट पदार्थातच का काम करते, याचे कारण एवढेच आहे.

पाण्याच्या शुद्धीकरणात हीच गोष्ट जिवावर बेतू शकते. क्लोरीन पाण्यात हायपोक्लोरस आम्ल व हायपोक्लोराइट आयन अशा दोन रूपांत असतो. सामू ७.५ च्या आसपास दोन्ही रूपे निम्मी-निम्मी असतात, ६.५ ला दहातील नऊ भाग आम्लाचे, तर ८.५ ला दहातील जेमतेम एक. जंतू मारण्याचे सामर्थ्य प्रामुख्याने आम्लात आहे. गावोगाव ब्लीचिंग पावडर टाकल्यावर ओटी चाचणी होते. पिवळा रंग आला म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे एवढे समजते. तो कोणत्या रूपात आहे हे ती चाचणी सांगत नाही, कारण तिचा अभिकर्मकच आम्लधर्मी असतो. आपले पदवीधर पाणी तपासणी प्रयोगशाळांत, दुग्धव्यवसायात, औषध कंपन्यांच्या गुणवत्ता विभागांत नोकरीस लागतात. अल्कधर्मी विहिरीच्या पाण्यात तेवढ्याच क्लोरीनला अधिक संपर्ककाल द्यावा लागेल, हे त्यांनी ओळखावे, अशी अपेक्षा अवास्तव नाही. परंतु आपण क्लोरिनीकरण जलसूक्ष्मजीवशास्त्रात शिकवितो आणि क्षीण आम्ल दोन सत्रे आधी, वेगळ्या घटकात.

बंधांविषयी थोडे

हायड्रोजन बंधासाठी पाणी व डीएनए ही दोनच उदाहरणे वर्षानुवर्षे दिली जातात. व्हँकोमायसिनचे उदाहरण याहून बोलके आहे. हे प्रतिजैविक पेशीभित्तिकेच्या घटकातील डी-ॲलानिन-डी-ॲलानिन या टोकाला पाच हायड्रोजन बंधांनी धरून ठेवते. प्रतिरोधक एंटेरोकोकस जीवाणू शेवटच्या ॲलानिनऐवजी लॅक्टेट बसवितात. नायट्रोजनच्या जागी ऑक्सिजन येतो, एक बंध तुटतो, आणि पकड सुमारे हजारपटीने ढिली होते. येथे पाश्चरांच्या आरशातील प्रतिमाही पुन्हा भेटतात, कारण प्रथिनांत आढळणारे ॲलानिन डावे, तर भित्तिकेतील हे उजवे. एका उदाहरणात बंध, प्रतिमारूपता व प्रतिजैविक-प्रतिरोध हे तिन्ही घटक येतात. ते पहिल्याच सत्रात का सांगू नये, हे मला कळत नाही.

परिभाषेचाही एक घोटाळा नोंदवावासा वाटतो. क्रिस्टल व्हायोलेट हा 'बेसिक डाय' आहे, याचा अर्थ तो 'मूलभूत रंग' आहे असे एका उत्तरपत्रिकेत वाचावयास मिळाले. प्रथम हसू आले. नंतर लक्षात आले की, रंगद्रव्याचा धनभार आणि जीवाणूच्या पृष्ठभागाचा ऋणभार यांचा संबंध आपण बोललोच नसू, तर विद्यार्थ्याने दुसरा अर्थ तरी कोणता घ्यावा?

काही आक्षेप

हे काम रसायनशास्त्र विभागाचे आहे, असे अनेक सहकारी म्हणतात. तो विभाग आपले काम करतो. परंतु तेथील अध्यापकाने माध्यमाच्या गढूळपणाची चिंता करावी, अशी अपेक्षा योग्य नव्हे. शिवाय राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतरच्या मुख्य व गौण विषयांच्या रचनेत सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याबरोबर रसायनशास्त्र असेलच, असे गृहीत धरता येत नाही. तासिका अपुऱ्या पडतात, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्यावर माझे म्हणणे इतकेच की, स्वतंत्र घटकाच्या तासिका मोडून त्या प्रात्यक्षिकांत वाटाव्यात. ग्रॅम रंजनाच्या दिवशी विद्युतभार, माध्यम बनविण्याच्या दिवशी मोलरता व स्फटिकजल, दुधाच्या मिथिलीन ब्ल्यू चाचणीच्या दिवशी ऑक्सिडीकरण व क्षपण. जीवाणूंनी 'रंग खाल्ला' असे सांगणारा विद्यार्थी त्या दिवशी सुधारता येतो. तीन महिन्यांपूर्वीच्या व्याख्यानाने नव्हे.

मूल्यमापनही तेथेच व्हावे. मागे एका तुकडीने बोअरवेलचे दुष्फेन पाणी वापरून फॉस्फेटयुक्त माध्यम केले. ऑटोक्लेव्हमधून काढताच सर्व परीक्षानळ्या गढूळ. "सर, सगळं माध्यम कंटॅमिनेट झालं," असे सांगून मुलांनी ते ओतून देण्याची तयारी केली. १२१ अंशांवर पंधरा मिनिटे ठेवलेल्या माध्यमात काही क्षणांत जीवाणू कोठून वाढणार, हा प्रश्न कोणालाही पडला नाही. एका नळीत विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकले. कॅल्शियम फॉस्फेटचा अवक्षेप विरघळून द्रव स्वच्छ झाला. तेव्हापासून अंतर्गत प्रात्यक्षिक परीक्षेत मी दोन गढूळ नळ्या ठेवतो, एक अवक्षेपाची व एक जीवाणूंच्या वाढीची, आणि सूक्ष्मदर्शकाविना त्या ओळखण्यास सांगतो. गेल्या खेपेस निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांनी आम्लाची बाटली आपणहून मागितली.