छप्पन्नावं चित्र

पक्षाघातानंतर माणसाचे नेमके किती शब्द हरवले, हे मोजायला वाचातज्ज्ञ चित्रं दाखवून विचारतात, ‘हे काय?’ या प्रकारातली सगळ्यांत प्रसिद्ध चाचणी म्हणजे १९८३ची बोस्टन नेमिंग टेस्ट. ६० रेखाचित्रं, सोप्याकडून अवघडाकडे. सलग ठरावीक चित्रं चुकली की थांबायचं, कारण पुढची त्याहून अवघडच असणार, असं गृहीत धरलेलं आहे.

कल्पना चांगली आहे. दमलेल्या पेशंटचा त्रास वाचतो. पण अवघड कोणासाठी?

१९व्या क्रमांकावर आहे प्रेट्झेल. ३३वर इग्लू, ३८वर हार्प. आणि बैलांच्या मानेवरचं जू? थेट ५६वर! अमेरिकी शहरात जू कोण बघतं, म्हणून ते शेवटाकडे. आता हीच चाचणी नुसती भाषांतर करून जामला न्या, नागपूर-हैदराबाद महामार्गावरून चंद्रपूरचा रस्ता फुटतो तिथे. कपाशीत हयात घालवलेला शेतकरी जू बघताक्षणी ओळखेल. पण ते चित्र त्याच्यासमोर येणारच नाही बहुधा. त्याच्या आधीच तो इग्लू-हार्पवर अडकून बाद झालेला असेल.

बरं, पुन्हा तपासलं तरी गुण साधारण तेवढेच येतील. म्हणजे चाचणी विश्वासार्ह आहे, पण वैध नाही. क्रॉनबाख आणि मील यांनी १९५५ सालीच बजावलं होतं की चाचणी नेमकं काय मोजते, हे पुराव्यानं दाखवावं लागतं. इथे मोजलं जातंय ते शाळा आणि शहर. नाव पडतंय आजाराचं.

गुण देण्यातही हाच घोळ होतो. आपल्याकडे डोळ्याला ‘डोया’ म्हणतात, केळीला ‘केयी’. बोली माहीत नसलेला तपासनीस सरळ लिहून मोकळा होईल, ‘ध्वनी बदलतो’. आणि वाचाघातात हे खरोखरच एक लक्षण असतं.

म्हणून भाषांतराआधी एक काम करावं लागतं, कंटाळवाणं पण टाळता न येणारं. इथल्याच निरोगी माणसांना, शाळेत गेलेल्या आणि न गेलेल्यांना, चित्रं दाखवायची. त्यांच्या उत्तरांवरून क्रम नव्यानं लावायचा. बोलीतली उत्तरं आधीच बरोबर म्हणून नोंदवायची. तोवर निदान घरच्यांना एवढं तरी विचारा : हा शब्द त्यांना आधी येत होता का? नाहीतर थेरपीचे मोलाचे महिने, जो शब्द कधी त्यांचा नव्हताच, तो परत आणण्यात जातील.