असुर मारताना मी कोण?

विरारला एका विद्यार्थ्याने मला ‘राजी’ हा व्हिडिओ गेम दाखवला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सची ही 2020 मधील निर्मिती. सर्कशीतली राजी दुर्गेने दिलेल्या त्रिशुळाने असुर मारीत, पळवलेल्या भावाला शोधते. एके ठिकाणी अडलो, म्हणून त्याची मदत मागितली. ‘‘सर, थांबू नका, मारा!’’ तो म्हणाला. पण जोतीरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’त वामनाची कथा बळीच्या बाजूने सांगितली, त्या विचारावर वाढलेला मी इथे कोण? कसरत करून जगणारी मुलगी नायिका होते, हे या कृतीचे मोल नाकारू नये. मात्र असुराची बाजू खेळणाऱ्याला घेताच येत नाही. वाचक पुराणाशी भांडू शकतो. खेळणाऱ्याला पुढे जायचे तर ते स्वतःच्या हाताने घडवावे लागते. आपली मुले असले खेळ खेळतात. आपल्या समीक्षेने आता इथेही उतरले पाहिजे.