लोणारविषयक मराठी लेखन आणि चंद्राची उपमा

लोणार सरोवरावरील मराठी लेखनात ‘चंद्रावरील विवरासारखे’ ही उपमा ठरलेली असते. तिचा आशय मात्र क्वचितच उलगडला जातो. साम्य केवळ गोलाकाराचे असते तर एखादी मोठी विहीरही चंद्रासारखी ठरली असती. खरे साम्य खडकात आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर दख्खनच्या बेसॉल्टमध्ये अशनीच्या आघाताने निर्माण झाले, आणि चंद्रावरील ‘सागर’ म्हणून ओळखली जाणारी काळसर मैदानेही बेसॉल्टचीच आहेत. हिंगोलीच्या विद्यार्थ्याच्या पायाखालचा काळा पाषाण त्याच जातीचा आहे, हे त्याला सांगितले जात नाही. ही या लेखनाची मोठी उणीव होय.

चंद्रावर प्राचीन आघातांनी विशाल खोरी निर्माण झाली व त्यांत पुढे लाव्हा भरून मैदाने बनली. ती सुमारे १७ टक्के पृष्ठभाग व्यापतात आणि बहुतांशी पृथ्वीकडील बाजूस आहेत; पलीकडील कवच अधिक जाड असणे हे याचे एक कारण मानले जाते. उंच प्रदेशात विवरे दाट, तर वयाने तरुण मैदानांवर विरळ आढळतात. लोणारची तुलना करावयाची ती मैदानांवरील या विवरांशी. सरसकट ‘चंद्राशी’ नव्हे.

वयाच्या बाबतीतही तीच घाई दिसते. ५२,००० वर्षे हा आकडा निर्विवाद म्हणून छापला जातो. आर्गॉन समस्थानिकांवरून निघालेले वय मात्र सुमारे ५,७०,००० वर्षे, म्हणजे जवळपास अकरा पट आहे. त्याचा उल्लेखही अनेकदा नसतो.