‘द ग्रेट गॅट्सबी’ : वैभवाची भाषा आणि उधळपट्टीचा हिशेब

प्रास्ताविक :
एफ. स्कॉट फिट्झेराल्ड (१८९६-१९४०) यांची ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही कादंबरी १९२५ साली न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झाली. १९२२ च्या उन्हाळ्यात लाँग आयलंडवर घडणाऱ्या या कथेतील ऐश्वर्याची वर्णने अत्यंत मोहक आहेत. त्यामुळे लेखक श्रीमंतीचा टीकाकार आहे की तिचा भाट, असा प्रश्न वाचकास पडतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार भाषेच्या अंगाने केला आहे.

कर्ता हरवलेले वाक्य :
तिसऱ्या प्रकरणात गॅट्सबीच्या मेजवान्यांचे वर्णन येते. त्याचा आरंभ रीतिभूतकाळात आहे. दर शुक्रवारी न्यूयॉर्कहून संत्र्यालिंबांच्या ५ पेट्या येत आणि सोमवारी त्यांच्या गर काढलेल्या अर्धुकांचा ढीग मागील दाराने बाहेर जाई. स्वयंपाकघरातील यंत्र अर्ध्या तासात २०० संत्र्यांचा रस काढी. मात्र त्यासाठी नोकराच्या अंगठ्याने एक लहानशी कळ २०० वेळा दाबली जावी लागे. येथे लेखकाने कर्मणी रचना योजिली आहे. वाक्यातून माणूस गळतो व केवळ अंगठा उरतो. एकच आकडा दोनदा येतो. प्रथम तो वैभव मोजतो, नंतर श्रम. मराठीत याचे ‘नोकर कळ दाबत असे’ असे सुटसुटीत भाषांतर केल्यास नोकराला कर्तेपण लाभेल आणि मूळ वाक्यातील टोचणी नाहीशी होईल.

नवी श्रीमंती, जुनी श्रीमंती :
गॅट्सबीची संपत्ती नवी असल्याने तिला सतत शब्दांची गरज भासते. पाचव्या प्रकरणात तो डेझीपुढे सदऱ्यांची रास रचतो, तेव्हा कापडांची व रंगांची नावे एकामागून एक कोसळतात आणि डेझी रडू लागते. याउलट, टॉम ब्यूकॅननची संपत्ती वारशाची आहे. त्याने पोलोचे घोडे लेक फॉरेस्टहून पूर्वेकडे आणल्याचा उल्लेख ओझरता येतो; वर्णनाचा भर त्याच्या शरीराच्या दांडगाईवर आहे. डेझीच्या बाबतीत तर वस्तूंचीही गरज उरत नाही. तिच्या आवाजातच पैसा भरलेला आहे, असे गॅट्सबी स्वतः म्हणतो. येथे धन हे मालकीची वस्तू न राहता व्यक्तीचा स्वर बनते आणि म्हणूनच ते गॅट्सबीला कधीही विकत घेता येत नाही.

राखेची शेती :
या झगमगाटाच्या आणि न्यूयॉर्क शहराच्या मध्ये राखेचे खोरे आहे. तेथील राख लेखकाने पीक, टेकड्या आणि बागा यांच्या प्रतिमांतून रंगविली आहे. गॅट्सबीच्या बागेला लागू पडणारी शब्दकळाच तो उकिरड्याला देतो. परिणामी, मागील दाराने गेलेल्या सालींचा मुक्काम कोठे असावा, हे वाचकाला निराळे सांगावे लागत नाही.

यादी आणि शून्य :
चौथ्या प्रकरणात निवेदक निक कॅरावे याने रेल्वेच्या जुन्या वेळापत्रकावर टिपलेली पाहुण्यांची लांबलचक यादी आहे. शेवटी गॅट्सबीच्या अंत्यविधीस त्याचे वडील, निक, काही नोकर, एक पोस्टमन आणि एकच जुना पाहुणा एवढीच माणसे जमतात. नामांच्या उधळपट्टीचा हिशेब असा चुकता होतो.

निष्कर्ष :
निकच्या निवेदनात वैभवाचा मोह निश्चितच आहे. मेजवानी रंगात येताच तो भूतकाळ सोडून वर्तमानकाळात शिरतो, हे त्याचेच द्योतक होय. परंतु मोह टाळून केलेली टीका कोरडा उपदेश ठरली असती. फिट्झेराल्ड वाचकाला प्रथम मेजवानीत बसवितात आणि मग सोमवारी झाडलोट करणारे नोकर दाखवितात. आपण ज्या वाक्यावर लुब्ध झालो, त्याची किंमत कोणाच्या अंगठ्याने चुकविली, हा प्रश्न ही भाषा वाचकाच्या स्वाधीन करते. या कादंबरीतील वैभवचित्रणाचे खरे मोल त्यातच आहे.