फूट नेत्यांमुळे की समित्यांमुळे? कामगार महासंघांच्या इतिहासलेखनाबद्दल थोडं

आपल्या मंडळाकडे गेल्या काही वर्षांत कामगार संघटनांच्या बऱ्याच स्मरणिका जमा झाल्या आहेत. रौप्यमहोत्सवी, सुवर्णमहोत्सवी, कुणाच्या षष्ट्यब्दीच्या. त्या चाळताना एक गोष्ट माझ्या मनात सारखी येते. पहिल्या पानांवर नेत्यांचे फोटो, मग शुभेच्छा संदेश, मग अध्यक्षांची यादी, मग मोठ्या संपांच्या हकिकती आणि शेवटी जाहिराती. पण सभासदांची यादी कोण तपासत होतं, वर्गणीचा हिशेब कुणाकडे असायचा, तडजोड स्वीकारायची की नाही हे नेमकं कुठल्या बैठकीत ठरलं, याबद्दल एक ओळ सापडत नाही. जणू महासंघ म्हणजे व्यासपीठ आणि समोरची गर्दी. मधे काहीच नाही.

माझं म्हणणं असं की ही उणीव फक्त स्मरणिकांची नाही. कामगार चळवळीचे जे मोठे, अभ्यासपूर्ण इतिहास आपण प्रमाण मानतो, त्यांतही ती आहे. आणि त्यामुळे आपल्या चळवळीतल्या फुटींचा अर्थ आपण चुकीचा लावत आलो आहोत.

आधी साधी गोष्ट. महासंघ म्हणजे काय? कामगार हा सभासद असतो त्याच्या युनियनचा आणि युनियन सभासद असते महासंघाची. म्हणजे महासंघाकडे स्वतःचा असा कामगार थेट नसतोच, जे काही येतं ते खालून, प्रतिनिधींच्या मार्फत. म्हणून समित्यांची उतरंड लागते. वर अधिवेशन, जे धोरण ठरवतं. दोन अधिवेशनांच्या मधल्या काळात जनरल कौन्सिल. रोजचा कारभार कार्यकारिणीकडे. यांच्या जोडीला दोन-तीन कामं अशी की ती कार्यकारिणीच्या हातात राहूच नयेत: प्रतिनिधींचे अधिकारपत्र तपासणे, हिशेब तपासणे आणि दोन संलग्न युनियनांचं भांडण मिटवणे. कारण या तिन्ही कामांत कार्यकारिणी स्वतःच पक्षकार असू शकते.

१९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यालाही हे थोडंफार कळलं होतं. त्यात कार्यकारिणीची व्याख्या अशी की, नाव काहीही असो, संघटनेचा कारभार जिच्याकडे सोपवला आहे ती मंडळी. कार्यकारिणीचा प्रत्येक सभासद हा पदाधिकारी धरला जाई, मात्र हिशेबतपासनीस धरला जात नसे. निदान निम्मे पदाधिकारी त्या धंद्यात प्रत्यक्ष काम करणारे हवेत, अशीही अट होती. राजकीय कामासाठी निधी हवा तर तो वेगळा ठेवायचा आणि त्याची वर्गणी कुणावर सक्तीची करायची नाही. पण हा कायदा एका युनियनच्या आतल्या व्यवहाराबद्दल बोलत होता. महासंघाच्या कार्यकारिणीने बहुमताने केलेला ठराव संलग्न युनियनांवर किती बंधनकारक, यावर तो गप्प होता. ती जागा घटनेने भरायची होती. ती भरली गेली नाही, आणि नागपूरला जे झालं त्याचं मूळ मला इथे दिसतं.

आता नागपूर. १९२० मध्ये मुंबईला स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचं, म्हणजे आयटकचं, दहावं अधिवेशन १९२९ च्या नोव्हेंबरअखेर नागपूरला भरलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. या अधिवेशनात आयटक फुटली. ना. म. जोशी, व्ही. व्ही. गिरी, दिवाण चमनलाल, शिवराव ही मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी इंडियन ट्रेड्स युनियन फेडरेशन काढलं. ही हकिकत सगळे इतिहास सांगतात. कसं सांगतात? एकीकडे मवाळ, सनदशीर मार्गाचे. दुसरीकडे जहाल, क्रांतीवाले. दोघांचं पटणं शक्यच नव्हतं, म्हणून फुटले. जो इतिहासकार ज्या बाजूचा, तो दुसऱ्या बाजूला दोष देतो, एवढाच काय तो फरक.

आणि इतिहासकार बाजूचे होतेच. व. भ. कर्णिक काय, डांगे काय, गिरी काय, सुकोमल सेन काय, ज्यांनी हा विषय लिहिला ते कुठल्या ना कुठल्या संघटनेत स्वतः राबलेले. हा त्यांचा दोष म्हणून मी सांगत नाही. उलट त्यांच्याइतकी माहिती बाहेरच्या कुणाला नसती. पण लढलेल्या माणसाला लढाई आठवते ती झेंड्यांची. कोठाराची किल्ली कुणाकडे होती हे त्याला सांगावंसं वाटत नाही, कारण त्याला ते माहीतच असतं.

किल्ली कुठे होती ते पाहू. १९२८ च्या एप्रिल ते ऑक्टोबर मुंबईच्या कापड गिरण्यांत सार्वत्रिक संप झाला. तो चालवला संयुक्त संप समितीने. तिच्यात जोशींच्या बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियनचे लोकही होते आणि नव्या गिरणी कामगार युनियनचेही. पुढे ज्यांचं मुळीच पटणार नव्हतं असं आपल्याला सांगितलं जातं, ते सहा महिने एका समितीत बसले. सतरा मागण्यांची एक यादी त्यांनी केली आणि फॉसेट समितीपुढे प्रश्न नेला. का जमलं? कारण काम नेमकं होतं, मुदत ठरलेली होती आणि दोन्ही युनियनांना आपापले प्रतिनिधी होते.

संपानंतर गिरणी कामगार युनियन भराभर वाढली. डिसेंबर १९२८ पर्यंत सभासद ५४,००० च्या घरात गेले. गिरणीगणिक गिरणी समित्या झाल्या. वर्गणी गोळा करणे, खात्यातल्या तक्रारी ऐकणे, जॉबरच्या जाचाला तोंड देणे ही कामं त्या समित्यांची. आपल्या देशात कामगाराने स्वतः चालवलेली एवढी मोठी समिती-व्यवस्था त्याआधी क्वचितच झाली असेल. पण तिचे अधिकार कुठे थांबतात हे पक्कं नव्हतं. एखाद्या खात्यात काम बंद करायचं का, हे गिरणी समितीने ठरवायचं की मध्यवर्ती कार्यकारिणीने? त्या काळात छोट्या छोट्या संपांची रांग लागली. मालक गिरणी समित्यांना मान्यता द्यायला तयार नव्हते. अशात मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, शिवाय आळवे आणि कासले यांच्यासारखे गिरणीतून आलेले पुढारीही पकडले गेले. पुढच्याच महिन्यात दुसरा सार्वत्रिक संप सुरू झाला आणि तो फसला. सभासद गळाले.

आता हे चित्र घेऊन नागपूरला या. महासंघात मतं सभासदसंख्येच्या प्रमाणात. गिरणी कामगार युनियन सर्वांत मोठी. तिच्या प्रतिनिधींनी पारडं जहाल बाजूला झुकलं. पण संख्या कुठल्या तारखेची धरायची? संपाच्या भरतीतली की संप फसल्यावरची? आणि ती तपासायची कुणी? हा प्रश्न मार्क्सचाही नाही आणि गोखल्यांचाही नाही. तो अधिकारपत्र तपासणाऱ्या समितीचा आहे.

दुसरा प्रश्न ठरावांचा. व्हिटली आयोगावर, म्हणजे कामगारविषयक शाही आयोगावर, बहिष्कार टाकायचा. जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेशी असलेलं नातं तोडायचं. साम्राज्यविरोधी लीगशी आणि पॅन-पॅसिफिक सचिवालयाशी जोडून घ्यायचं. असे ठराव कार्यकारी मंडळात बहुमताने झाले. गंमत अशी की आयटकचे सरचिटणीस ना. म. जोशी स्वतः त्या आयोगाचे सभासद होते, चमनलालही होते. म्हणजे महासंघाचा सर्वांत महत्त्वाचा पदाधिकारी एका जागी बसला आहे आणि त्याचीच कार्यकारिणी त्या जागेवर बहिष्कार घालते आहे. ती जागा स्वीकारताना त्याने कार्यकारिणीची संमती घेणं आवश्यक होतं का? उलट बाजूने, साध्या बहुमताने संलग्न युनियनांना परदेशी संघटनेशी बांधून टाकता येतं का? दोन्ही प्रश्नांची उत्तरं आधी लिहून ठेवलेली असती तर भांडण झालंच नसतं असं मी म्हणत नाही. झालंच असतं. पण ते घरात झालं असतं.

कुणी म्हणेल, हा कारकुनी दृष्टिकोन झाला. माणसं विचारांसाठी भांडतात, नियमांसाठी नाही. मंडळातल्या एका ज्येष्ठ सभासदांनी मला हेच ऐकवलं, "अरे, नियम असते तरी त्यांनी मोडले असते!" बरोबर आहे. पण मग १९३१ चं काय? मवाळ गट केव्हाच बाहेर गेलेला. कलकत्त्याच्या अधिवेशनात, सुभाषबाबू अध्यक्ष असताना, उरलेल्या आयटकमध्ये पुन्हा फूट पडली आणि रेड ट्रेड युनियन काँग्रेस निघाली. या वेळी वादाच्या मध्यभागी काय होतं? गिरणी कामगार युनियनचे खरे प्रतिनिधी कोणते, कांदळकरांच्या गटाचे की देशपांड्यांच्या, हा प्रश्न. मतभेद राजकीय होतेच, पण ते ज्या ठिकाणी तुटले ती जागा तीच, अधिकारपत्राची. दोन वर्षांत दोनदा एकाच फळीवरून पाय घसरला, तर फळी तपासायला नको का?

माझ्या म्हणण्याला सर्वांत मोठा आधार मात्र १९३८ चा आहे. रेड गट १९३५ मध्ये परत आला होता. मवाळांचा महासंघ, तोवर तो नॅशनल ट्रेड्स युनियन फेडरेशन झाला होता, १९३८ मध्ये पुन्हा नागपूरलाच आयटकशी जोडला गेला. कुणी आपले विचार सोडले होते का? मुळीच नाही. गिरींच्या सूत्राप्रमाणे जे ठरलं ते सगळं समित्यांबद्दलचं होतं: जनरल कौन्सिलवर दोन्ही बाजूंना समान जागा, राजकीय प्रश्न आणि संप यांवरचे निर्णय तीन-चतुर्थांश बहुमताने, आणि परदेशी कुठल्याच संघटनेशी संलग्नता नाही. म्हणजे १९२९ चे प्रश्न नऊ वर्षांनी घटनेत लिहिले गेले. १९४० मध्ये विलीनीकरण पुरं झालं. फूट विचारांमुळे झाली म्हणायचं, तर विचार तेच असताना जोड कशामुळे झाली, याचं उत्तर आपल्या इतिहासांनी द्यायला हवं. ते देत नाहीत. १९३८ चा करार बहुतेक ठिकाणी एका परिच्छेदात आटोपतो, आणि १९२९ ला मात्र अख्खं प्रकरण मिळतं.

अर्थात या सूत्रालाही मर्यादा होती. तीन-चतुर्थांश म्हणजे पावपेक्षा थोड्या जास्त मतांना नकाराचा अधिकार. कठीण प्रश्नावर महासंघ गप्प बसतो. युद्धाच्या प्रश्नावरून १९४१ मध्ये रॉयवादी बाहेर पडलेच आणि त्यांनी इंडियन फेडरेशन ऑफ लेबर काढलं. १९४७ मध्ये इंटक, १९४८ मध्ये हिंद मजदूर सभा. नियमाने घाईचा निर्णय थांबतो, जाणारा माणूस थांबत नाही. एवढं मान्य करूनच मी बोलतो आहे.

शेवटी आपल्या इंदूरचं. इथे मिलचा मजूर म्हटलं की आपल्याला द्रविडसाहेब, रामसिंहभाई, होमी दाजी आठवतात, आणि आठवायलाच हवेत. पण १९६० च्या मध्य प्रदेश औद्योगिक संबंध कायद्याने प्रातिनिधिक युनियनची पद्धत आणली. एका धंद्यात, एका क्षेत्रात, सर्वांच्या वतीने बोलणारी एकच युनियन. म्हणजे त्या युनियनच्या कार्यकारिणीने सही केली की सभासद नसलेल्या मजुरावरही ती लागू. इतका अधिकार ज्या समितीकडे, तिच्या बैठकांची वही आपल्यापैकी किती जणांनी पाहिली आहे? मी एकही पाहिलेली नाही.

आणि हुकुमचंद मिल. ती बंद पडली १९९१-९२ च्या सुमारास. मजुरांच्या थकबाकीचा सुमारे २२४ कोटींचा धनादेश आला २५ डिसेंबर २०२३ ला. मधली तीस वर्षं व्यासपीठ नव्हतं, गर्दी नव्हती. कोर्टाच्या तारखा होत्या, याद्या होत्या, गेलेल्या मजुरांच्या वारसांचे कागद होते, आणि ते सांभाळून बसणारी म्हातारी माणसं होती. समितीचं काम म्हणजे हेच. हा इतिहास भाषणांतून लिहिता येणार नाही, कारण त्यात भाषणं फारशी नाहीतच.

म्हणून मंडळाला विनंती. पुढच्या वेळी कुणाच्या घरून युनियनचं सामान येईल तेव्हा फोटोंच्या आधी वह्या मागा. इतिवृत्ताची वही, वर्गणीच्या पावत्या, सभासद रजिस्टर, खातेनिहाय प्रतिनिधींची यादी, हिशेबतपासनिसाचे शेरे. वाळवी लागलेली असली तरी चालेल. फोटोतली माणसं कोण होती ते विचारून कळतं. त्यांनी काय ठरवलं आणि कुणाच्या अधिकाराने ठरवलं, ते त्या वहीशिवाय कळणार नाही. आणि त्या वह्या ज्यांच्या माळ्यावर आहेत ती माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत.