जमिनीखालची नावे

मुंबईत रोज सर्वांत अधिक वाचले जाणारे मराठी लेखन कोणते? वर्तमानपत्रांची आणि कादंबऱ्यांची नावे घेण्यापूर्वी वाचकाने जरा थांबावे. ते लेखन म्हणजे आगगाडीच्या फलाटांवरील पाट्या होत. 'दादर' या तीन अक्षरांना एका दिवसात जेवढे वाचक लाभतात तेवढे आम्हा कादंबरीकारांना साऱ्या जन्मात मिळून लाभत नाहीत. असे असून या लेखनाचे परीक्षण करण्याची आपल्याकडे चाल नाही. कवितासंग्रहातला एखादा शब्द खटकला तर आपण दोन पाने लिहितो. स्थानकाचे नाव मात्र कुठल्याशा कचेरीत ठरते आणि पुढे पिढ्यान् पिढ्या लाखो तोंडे ते मुकाट्याने उच्चारीत राहतात.

कफ परेडपासून आरेपर्यंत शहराच्या पोटातून गेलेल्या नव्या मेट्रोने अशी २७ नावे आपल्यापुढे ठेवली आहेत. या मार्गाच्या खर्चावर, झाडांवर, गर्दीवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि जाईल. मी शाळेत मराठी शिकवतो. मला या नावांबद्दल बोलायचे आहे.

आधी थोडे बांधकामाविषयी, कारण त्यावाचून नावांची गंमत कळायची नाही. मार्गाची लांबी ३३.५ किलोमीटर. २७ स्थानकांपैकी २६ जमिनीखाली आहेत. आकाश दिसते ते एकट्या आरेला. मार्ग तीन हप्त्यांत खुला झाला : आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल ऑक्टोबर २०२४ मध्ये, तेथून वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत मे २०२५ मध्ये, आणि कफ परेडपर्यंतचा शेवटचा तुकडा ऑक्टोबर २०२५ मध्ये. भुयार पाडण्यासाठी सतरा अजस्र यंत्रे खाली उतरवली होती. यंत्राच्या तोंडाशी पोलादी दातांचे एक चाक फिरते, ते काळा पाषाण कुरतडते, आणि मागोमाग काँक्रीटच्या कमानींची कडी बसवीत यंत्र पुढे सरकते. स्थानकांचे काम निराळे. जेथे रस्ता रुंद तेथे तो वरून उघडायचा, खाली खड्डा घ्यायचा, मजले बांधायचे आणि वरून पुन्हा रस्ता अंथरायचा. गिरगाव-काळबादेवीसारख्या ठिकाणी, जेथे हातगाडी आणि मोटार समोरासमोर आली की दोघांनाही देव आठवतो, तेथे हे कसे जमावे? म्हणून जमेल तेथे एक विहीर खणून खाली उतरायचे आणि आतल्या आत खडक पोखरीत, त्यावर काँक्रीट फवारीत, स्थानकाची गुहा तयार करायची. वर शंभर वर्षांच्या इमारती उभ्या आणि खाली ही गुहा. इंजिनियरांच्या या कर्तबगारीला नमस्कार केल्यावाचून पुढे जाणे कृतघ्नपणाचे होईल.

या यंत्रांची बारशी झाली होती, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. वैतरणा, सूर्या, तानसा, तापी, कृष्णा, गोदावरी, वैनगंगा : सगळी नद्यांची नावे. ज्याला हे सुचले त्याचे मला मनापासून कौतुक वाटते. वैतरणा आणि तानसा तर मुंबईला पाणी पाजणाऱ्या. त्यांच्याच नावांनी मुंबईचा खडक फोडावा यात औचित्य आहे. आता जरा पुढचे पाहा. धारावी आणि वांद्रे-कुर्ला संकुल यांच्या दरम्यान हे भुयार मिठी नदीच्या खालून जाते. महाराष्ट्रातल्या नद्यांची नावे घेतलेल्या यंत्रांच्या या कामात मुंबईची स्वतःची नदी ओलांडली गेली आणि तिचे नाव मात्र २७ पाट्यांपैकी एकीवरही आले नाही. २६ जुलै २००५ रोजी जिने आपण आहोत असे साऱ्या शहराला ओरडून सांगितले, ती नदी नकाशातून पुन्हा मुकी झाली.

पाट्यांवरची सर्वांत चांगली नावे जमिनीतून उगवलेली आहेत. गिरगाव, धारावी, वरळी, महालक्ष्मी, काळबादेवी. ती कोणी ठेवली नाहीत, ती होतीच. चर्चगेट घ्या. किल्ल्याचा हा दरवाजा सेंट थॉमसच्या चर्चकडे जाई म्हणून चर्चगेट. किल्ल्याचा तट गेल्या शतकाच्याही मागच्या शतकात, १८६० नंतरच्या दशकात पाडला गेला, दरवाजा गेला, आणि नाव राहिले. आज त्या नावात दरवाजा नाही की देऊळ नाही, निव्वळ सवय आहे. पण सवय हीसुद्धा एक प्रकारची स्मृतीच ना? माहीमची शीतलादेवी ही देवीच्या रोगाची देवता. देवीचा रोग भारतातून गेला त्याला पन्नास वर्षे होत आली, तरी देवी आपल्या जागी आहे आणि आता तिच्या नावाचे थंडगार स्थानकही झाले. वैशाखात वरच्या उन्हातून खाली उतरणाऱ्याला 'शीतला' या नावाचा अर्थ कोशात पाहावा लागणार नाही.

मग येतात दिलेली नावे. येथे परीक्षकाने सावध राहिले पाहिजे, कारण माणसाचे नाव स्थानकाला देणे म्हणजे त्या माणसाचा गौरव असे आपण धरून चालतो. ते नेहमी खरे नसते. कोलकात्याला देशातली पहिली भुयारी रेल्वे १९८४ साली धावली. त्या मार्गाच्या दक्षिणेकडच्या स्थानकांना पुढे कवींची आणि थोर पुरुषांची नावे दिली गेली. एक स्थानक तर 'गीतांजली' आहे. बंगाली माणसाचे साहित्यप्रेम पाहून आपल्याला हेवा वाटावा. पण परगावच्या पाहुण्याने 'कवी सुभाष' येथे उतरायचे म्हणजे गावाच्या कुठल्या भागात, हे पाटी सांगत नाही. नाव मोठे झाले, पत्ता हरवला.

मुंबईने हा दोष बहुतेक टाळला आहे. 'हुतात्मा चौक' हे नाव मेट्रोने दिलेले नाही. १९५५ च्या नोव्हेंबरात फ्लोरा फाउंटनपाशी गोळ्या झाडल्या गेल्या, संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटला, आणि तो चौक हुतात्म्यांचा झाला. स्थानकाने वरचे नाव खाली नेले इतकेच. 'आचार्य अत्रे चौक' तसेच. अत्र्यांचा 'मराठा' वरळीहूनच निघत असे. तेव्हा वरळीकर मंडळींना या पाटीत परके काही वाटायचे कारण नाही. आमच्यासारख्या शिक्षकांना तर ही पाटी विशेष जवळची, कारण नाटककार आणि संपादक होण्याच्या आधी अत्रे शाळामास्तर होते आणि मुलांसाठी त्यांनी वाचनमाला लिहिल्या. हे स्थानक मे २०२५ मध्ये लोकांसाठी उघडले आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेला, त्या वर्षी पाऊस लवकर आला म्हणून, अर्धवट बांधलेल्या प्रवेशद्वारातून पाणी आत घुसून फलाटापर्यंत पोहोचले. तात्पुरती बांधलेली भिंत पाण्याच्या जोराने कोसळली होती. अत्रे हयात असते तर दुसऱ्या दिवशीचा अग्रलेख काय झाला असता, या कल्पनेने मी वर्तमानपत्र वाचता वाचता एकटाच हसलो. स्वतःचे नाव असलेल्या स्थानकाला त्यांनी सर्वांत आधी झोडपले असते.

जगन्नाथ शंकरशेट यांच्या बाबतीत मात्र मला तक्रार आहे. १८४५ च्या सुमारास मुंबईत रेल्वे यावी म्हणून खटपट करणारे, पुढे जी. आय. पी. रेल्वेच्या संचालकांत बसणारे नाना. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला गाडी गेली त्यामागे त्यांचा हात होता. मुंबईच्या कोणत्याही रेल्वेवर त्यांचे नाव असावे हे न्याय्यच. पण कोठे? गिरगावात जे स्थानक पोखरले ते ज्या रस्त्याखाली आहे त्या रस्त्याचेच नाव जगन्नाथ शंकरशेट मार्ग. नानांची पाटी तेथे नाही. ती पुढे मुंबई सेंट्रलला आहे, आणि तिच्या शेपटीला 'मेट्रो' हा शब्द चिकटवलेला आहे. गिरगावचे नाव गिरगावकडेच राहावे हे मला मान्य. निदान नानांच्या नावापुढचे ते शेपूट तरी काढावे. मेट्रोच्या डब्यात बसून मेट्रोच्या फलाटावर उतरणाऱ्याला ही मेट्रो आहे हे पुन्हा सांगण्याची गरज काय? एक नाव असे वाढवले, तर दुसरे कापले. वरळीजवळची संस्था नेहरू विज्ञान केंद्र या नावाने पन्नास वर्षांच्या आसपास लोकांना माहीत आहे. स्थानकाच्या नावात पहिला शब्द नाही, यावरून २०२५ साली वाद झाला. त्यातले राजकारण बाजूला ठेवू. पण वर्गात एखाद्या मुलाने संस्थेचे नाव असे अर्धे लिहिले, तर मी गुण कापतो.

अक्षरांच्या नावांविषयी थोडक्यात. सीप्झ, बीकेसी, एमआयडीसी, जेव्हीएलआर. ही नावे आहेत की मोटारींचे नंबर? 'सीप्झ' हा उच्चार तर मराठी जिभेला शिक्षाच आहे. शेवटच्या जोडाक्षराशी माझ्या वर्गातली मुले अडखळतात आणि मग सगळा वर्ग हसतो. त्यामागचे लांबलचक इंग्रजी नाव त्या स्थानकावर उतरणाऱ्या शंभरांत पाचांना तरी सांगता येईल का?

याहून वाईट एक गोष्ट आहे. काही स्थानकांच्या नावांना व्यापारी कंपन्यांची नावे जोडण्याचा हक्क पैसे घेऊन दिला गेला. सिद्धिविनायकाच्या आधी एका विमा कंपनीचे नाव येते. विघ्नहर्त्यालासुद्धा विमा उतरवावा लागला, असे भाविक म्हणतील. मार्ग बांधण्यास हजारो कोटी लागले, तिकिटांवर ते भागत नाहीत, तेव्हा उत्पन्नाचे दुसरे मार्ग शोधावेत, हा युक्तिवाद मला समजतो. भिंती जाहिरातींना द्या, खांब द्या, तिकिटाची मागची बाजू द्या. पण नाव ही स्थानकाची मालमत्ता नव्हे. ते लोकांच्या तोंडी आधीपासून होते, मेट्रोने ते उसने घेतले आहे. उसन्या भांड्यावर आपले नाव घालून शेजाऱ्याला भाड्याने देणाऱ्या बाईला आमच्या चाळीत काय म्हणत, ते दिवाळी अंकात लिहिण्यासारखे नाही.

आणि आता जी नावे नाहीत त्यांच्याकडे वळतो, कारण माझ्या मते या लेखनाचे मोठे उणेपण तेथे आहे. गिरगाव आणि काळबादेवी ही स्थानके होण्यासाठी वरच्या जुन्या चाळी आणि इमारती पाडाव्या लागल्या. शेकडो कुटुंबे हलली. त्यांना त्याच भागात नवी घरे देण्याचे ठरले, आणि ही गोष्ट चांगली. मुंबईत विस्थापितांच्या वाट्याला एवढेही क्वचित येते. पण चाळीला नाव असते. ते कधी मालकाच्या आईचे असते, कधी देवाचे, कधी कोकणातल्या एखाद्या गावाचे. लग्नपत्रिकेवर ते नाव छापले जाते, मनीऑर्डरीवर लिहिले जाते, गणपतीच्या पावतीवर शाईने उमटते. पुनर्वसनाच्या कागदांवर नव्या इमारतींना काय म्हटले आहे? के २, के ३, जी ३. काळबादेवीचा के आणि गिरगावचा जी. नव्वद वर्षांच्या आजीने आपला पत्ता 'जी तीन' असा सांगायचा! यंत्रांना गोदावरी आणि वैनगंगा म्हणणाऱ्या माणसांनी घरांना आकडे द्यावेत, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. कवित्व सगळे यंत्रांवर खर्च झाले असावे.

खोदणाऱ्यांचेही तसेच. बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८५६ ते १८६३ या काळात झाला, त्यात हजारो मजूर पटकीने आणि अपघातांनी गेले. पुस्तकांत बर्कले या मुख्य इंजिनियराचे नाव मिळते. ट्रेडवेल हा ठेकेदार येथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि काम त्याच्या पत्नीने, ॲलिसने, पुरे करून घेतले, हेही मिळते. सुरुंगाला बत्ती देणाऱ्या माणसाचे नाव त्या पुस्तकांत शोधू नये. नव्या भुयाराची ही २७ नावे वाचताना मला तेच आठवले : देव आहेत, नेते आहेत, लेखक आहेत, कंपन्या आहेत.

नवी पाटी मागण्यात अर्थ नाही. गिरगावचे गिरगावच राहू दे. पण गिरगाव आणि काळबादेवी या दोन स्थानकांत जिन्यांच्या बाजूला लांबच लांब भिंती आहेत. त्यांतली एकेक भिंत जाहिरातींतून सोडवावी आणि तेथे, त्या स्थानकासाठी पाडलेल्या प्रत्येक चाळीचे आणि इमारतीचे नाव, ते दारावर जसे रंगवलेले होते तसे, लिहावे. यादी शोधायला कोठे जावे लागणार नाही. भाडेकरूंना नवी जागा देण्याचे ज्या कचेरीत ठरले, त्या कचेरीत इमारतीच्या नावानिशी कागद असणारच. रंगाऱ्याला ऱ्हस्व-दीर्घाची शंका आली तर त्याने ती यादी सुटीच्या दिवशी माझ्याकडे पाठवावी. मी तपासून देईन, मोबदला नको.