आगाऊ वैद्यकीय निर्देश आणि ‘इच्छामरण’ : एका शब्दयोजनेची चिकित्सा

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर निर्णय देताना सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे मान्य केले. भावी उपचारांविषयी आधीच लेखी निर्देश देऊन ठेवण्याची मुभाही सज्ञान व्यक्तीला मिळाली. त्यानंतरची मराठी चर्चा मात्र बहुतांशी ‘इच्छामरण’ या शब्दाभोवतीच फिरत राहिली. हा शब्द विषयाच्या आकलनाला साहाय्यभूत होण्याऐवजी त्यात अडसर निर्माण करतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

‘इच्छामरण’ म्हटले की मराठी मनासमोर प्रथम भीष्म उभे राहतात. आधुनिक काळात सावरकरांचे १९६६ मधील आणि विनोबांचे १९८२ मधील प्रायोपवेशन या परंपरेत स्मरले जाते. या तिन्ही ठिकाणी मरणारा शुद्धीवर आहे. निर्णय त्याचा आणि तो अमलात आणणाराही तोच. आगाऊ निर्देशाचे प्रयोजन नेमके याच्या उलट स्थितीत उद्भवते. आजार असाध्य आहे, बरे होण्याची आशा नाही आणि निर्णयक्षमता हरपली आहे, अशा वेळीच तो कागद उघडायचा असतो. भीष्मांना शरशय्येवरूनही उपदेश करता आला. अतिदक्षता विभागात घशात नळी असलेल्या रुग्णाला ‘नको’ एवढेही म्हणता येत नाही.

अरुणा शानबाग प्रकरणातही या शब्दाने दिशाभूल केली. १९७३ मध्ये केईएम रुग्णालयात झालेल्या हल्ल्यानंतर ही परिचारिका २०१५ पर्यंत तेथेच खाटेवर होती. ७ मार्च २०११ चा निर्णय ‘इच्छामरणाचा निकाल’ म्हणून चर्चिला गेला. वस्तुतः त्या प्रकरणात अरुणाची इच्छा तेवढीच अज्ञात होती. न्यायालयासमोरचा एक कळीचा प्रश्न तिच्या वतीने कोणी बोलावे हा होता. तो अधिकार न्यायालयाने याचिकाकर्त्या पिंकी विराणी यांना न देता तिची शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयीन कर्मचाऱ्यांना दिला. आपल्या वतीने बोलणारी व्यक्ती आधीच नेमून ठेवणे हा आगाऊ निर्देशाचा गाभा आहे आणि मराठी चर्चेत तोच दुर्लक्षित राहिला.

पर्यायी शब्दही निर्दोष नाहीत. मृत्युपत्र मरणानंतर अमलात येते, हा दस्तऐवज मरणापूर्वी. त्यामुळे ‘जिवंतपणीचे मृत्युपत्र’ हा प्रयोग चमत्कारिक ठरतो. ‘आगाऊ’ला तर उद्धटपणाचीही छटा आहे, आणि घरात हा विषय काढणाऱ्याला ती अनेकदा अनुभवावीही लागते. ‘शुभ बोल नाऱ्या’ म्हणणाऱ्या कुटुंबात वडिलांना व्हेंटिलेटरविषयी विचारणे अभद्रच ठरते. परिणामी तो प्रश्न रुग्णालयाच्या व्हरांड्यात, मध्यरात्री, संमतिपत्र हाती घेतलेल्या मुलाला विचारला जातो. ‘सगळे काही करा’ हे त्याचे उत्तर प्रेमाचे असते तसेच भीतीचेही.

कार्यपद्धतीतील अडथळे काही अंशी दूर झाले आहेत. दंडाधिकाऱ्यांच्या प्रतिस्वाक्षरीची २०१८ मधील अट २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने गेली. दोन साक्षीदारांसह नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्यासमोरील साक्षांकन पुरेसे झाले. डॉ. निखिल दातार यांच्या मुंबई उच्च न्यायालयातील जनहित याचिकेनंतर महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांत हे निर्देश जतन करणारे अधिकारीही नेमले गेले. परंतु अभिरक्षक नेमल्याने संवाद घडत नाही.

या संदर्भात केरळचे उदाहरण उद्बोधक आहे. १९९३ मध्ये कोझिकोडे येथे सुरू झालेले वेदनाशामक सेवेचे कार्य पुढे स्वयंसेवकांमार्फत वस्त्यांमध्ये पसरले आणि २००८ मध्ये राज्याने त्याविषयी धोरणच स्वीकारले. स्वयंसेवक घरी येतो तो जखम धुण्यासाठी, औषधे देण्यासाठी. शेवटच्या दिवसांविषयीचे बोलणे त्या ओघात निघू शकते. तेथे ‘इच्छामरण’ हा शब्द उच्चारण्याची गरजही पडत नाही. ‘दवाखान्यात न्यायचे की घरीच ठेवायचे, आणि तुम्हाला बोलता आले नाही तर कोणाला विचारायचे?’ एवढे मराठीत सहज विचारता येते.